केसपेपरची किल्ली कुणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक जुन्या रुग्णांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे फोटो, डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या असा सगळा संसार असतो. कार्डिओग्रामचा कागद पांढराफटक पडलेला असतो, त्यावरच्या रेघा केव्हाच उडून गेलेल्या असतात. गेली तीस वर्षे मी एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि ही पिशवी रोज पाहतो आहे. आपल्याकडे माणसाच्या आजारपणाचा इतिहास सांभाळण्याचे काम आजवर मुख्यतः तिनेच केले आहे.

या पिशवीचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. नेमक्या गरजेच्या दिवशी ती घरी राहते. पावसात भिजते. अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाबरोबर ती येत नाही. पण तिचा एक गुणही आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ती रुग्णाच्या हातात असते. कोणता कागद बाहेर काढायचा आणि कोणता आत ठेवायचा, हे तो ठरवतो. आता ही पिशवी संगणकात जाऊ लागली आहे. तिचे दोष जावेत आणि हा एक गुण मात्र राहावा, हे कसे साधायचे, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

आधी डॉक्टरांनी एकमेकांना माहिती द्यावी तरी कशाला, ते पाहू. समजा, एका गृहस्थांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना वॉरफेरीन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली आहे. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागतात. ते घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात आणि ते डॉक्टर सूज व वेदना कमी करणारी गोळी लिहून देतात. दोघेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. पण या दोन गोळ्या एकाच पोटात गेल्या, की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी दुसऱ्यांच्या डोळ्यांसमोर असेल, तर हा धोका टळतो.

दुसरे उदाहरण ऊसतोडणी कामगारांचे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की परततात. त्यांतल्या एखाद्याला क्षयरोग झाला, तर साध्या क्षयरोगालाही सहसा सहा महिने औषध घ्यावे लागते. म्हणजे उपचार एका जिल्ह्यात सुरू होतो आणि दुसऱ्या जिल्ह्यात संपतो. मध्ये खंड पडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते. २०१२ साली सरकारने क्षयरोगासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू केली. तिच्यामुळे रुग्णाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे सोपवता येते. ऊसतोडणी कामगाराच्या दृष्टीने ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू पाहू. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरूने वैद्यकाच्या शिष्याला करावयाचा उपदेश आहे. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत, असे त्यात बजावलेले आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हेच वचन आहे. आपल्याकडे २००२ साली डॉक्टरांसाठी जी आचारसंहिता झाली, तीही हेच सांगते. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद तिने मानले आहेत.

इतक्या जुन्या काळापासून हा आग्रह का? कारण रुग्णाने सांगितले तरच डॉक्टरला कळते आणि रुग्ण सांगतो ते विश्वासावर. हा विश्वास गेला, की तो गप्प बसतो किंवा खोटे सांगतो. मग संगणकात कितीही नोंदी भरा, त्या चुकीच्याच असणार.

माझ्याकडे येणाऱ्या एका तरुणीविषयी सांगतो. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शाळेत असल्यापासून तिला फिट येत असत. मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी सोडियम व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू केले आणि फिट थांबल्या. लग्न ठरवताना ही गोष्ट सासरी सांगितली गेली नाही. ती रोजची गोळी जीवनसत्त्वाच्या बाटलीत ठेवून घेत असे. दिवस राहिल्यावर सासूबाई तिला प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. “काही औषधे चालू आहेत का?” असे तिथल्या बाईंनी विचारले. सासूबाई शेजारीच बसलेल्या होत्या. ती म्हणाली, “नाही.”

हे औषध गरोदरपणात घेतले, तर बाळाच्या मज्जारज्जूत व्यंग राहण्याचा आणि त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका असतो. पण ते एकदम बंद करणेही तितकेच धोक्याचे. पुन्हा जोराची फिट आली, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. म्हणजे प्रसूतितज्ज्ञांना ही गोष्ट कळणे अत्यंत आवश्यक होते. सासूबाईंना मात्र ती मुलीच्या मनाविरुद्ध कळता कामा नये होती. पुढच्या आठवड्यात ती माहेरी आली असताना माझ्याकडे आली आणि रडत रडत तिने सारे सांगितले. तिची परवानगी घेऊन मी प्रसूतितज्ज्ञांना फोन केला, मेंदूविकारतज्ज्ञांचाही सल्ला घेतला आणि औषध टप्प्याटप्प्याने बदलले गेले.

तुम्ही म्हणाल, लपवले ते वाईटच. पण का लपवावे लागले, तेही पाहा. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, उल्लेख होता. १९९९ साली कायदा बदलून तो काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला. स्थळे पाहणाऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही.

या एका उदाहरणात आपला सगळा प्रश्न आला आहे. प्रसूतितज्ज्ञांना औषधाचे नाव आणि मात्रा कळायला हवी. बाहेर नाव लिहून घेणाऱ्या मुलीला फक्त नाव आणि वेळ पुरेशी आहे. उद्या तीच तरुणी चष्म्याचा नंबर काढायला गेली, तर तिथे तिच्या गर्भपाताची वा मनोविकाराची जुनी नोंद उघडण्याचे काही कारण नाही. ज्याला उपचारासाठी जेवढे लागते, तेवढेच त्याला दिसावे. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यात हाच विचार आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची नाही, पण त्याच्या उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या दुसऱ्या वैद्यकीय व्यक्तीला आवश्यक तेवढे सांगता येते. गोपनीयता आणि देवाणघेवाण यांची सांगड अशी घालता येते.

आता देशपातळीवर काय चालले आहे, ते थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून डिजिटल आरोग्य मिशनची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाल्यावर २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने ते देशभर सुरू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो, त्याला ‘आभा’ म्हणतात. आजवर सत्तर कोटींहून अधिक आभा खाती उघडली गेली आहेत. अनेकजण आभा आणि पाच लाखांच्या विम्याचे आयुष्मान कार्ड यांत गल्लत करतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक लक्षात ठेवावे, की आभा काढणे ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

या योजनेची रचना समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या देशाचे केसपेपर दिल्लीतल्या एका कोठारात साठवायचे, अशी ती नाही. ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये नोंद तयार झाली, ती तिथेच राहते. तुमच्या आभा क्रमांकाला फक्त तिचा पत्ता जोडला जातो. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल, तर त्यांची विनंती तुमच्या मोबाइलवर येते. कोण मागतो आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारची नोंद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आणि ती किती दिवस पाहता येईल, हे सारे त्या विनंतीत लिहिलेले असते. तुम्ही होकार देऊ शकता, नकार देऊ शकता आणि दिलेला होकार पुढे मागेही घेऊ शकता. होकार मिळाल्यावर नोंद सांकेतिक रूपात, जणू सीलबंद पाकिटात, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. मधल्या पोस्टमनला पाकीट उघडता येत नाही.

कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पिशवी रुग्णाच्या हातात ठेवण्याचा तिचा हेतू स्पष्ट दिसतो. पण माझ्या दवाखान्यातून पाहिले, की तिच्यातल्या काही फटीही दिसतात.

पहिली फट म्हणजे मोबाइल. संमतीची किल्ली मोबाइलवर येते. आणि मोबाइल कोणाच्या खिशात असतो? अनेक घरांत सासू, सून, नातवंडे या सर्वांच्या खात्यांना घरातल्या कर्त्या पुरुषाचा एकच नंबर दिलेला असतो. मग त्या तरुणीची नोंद उघडण्याची परवानगी कोण देणार? तिचा नवरा किंवा दीर. ज्यांच्यापासून ती गोष्ट जपायची, त्यांच्याच हाती किल्ली जाते. परदेशातला संगणकचोर आपल्याला फार भीतिदायक वाटतो, पण बहुतेक माणसांना आपले गुपित लपवायचे असते ते घरच्यांपासून, शेजाऱ्यांपासून आणि नोकरी देणाऱ्यापासून.

दुसरी फट दवाखान्याच्या काउंटरवर असते. संगणकाचा पासवर्ड चिकटपट्टीने पडद्यालाच लावलेला असतो. तो कंपाउंडरला, लॅबवाल्याला आणि साफसफाईच्या मावशींनाही पाठ असतो. सगळेजण एकाच नावाने आत जात असतील, तर कोणी काय पाहिले याचा माग राहत नाही. दिल्लीत कितीही भक्कम कुलूप बनवले, तरी गावाकडे दार सताड उघडे असेल तर काय उपयोग?

तिसरी फट व्हॉट्सॲपची. खरे सांगायचे, तर आज डॉक्टरांमधली बरीचशी देवाणघेवाण व्हॉट्सॲपवरच चालते. एक्स-रेचा फोटो काढला आणि गटात टाकला. त्याने पटकन सल्ला मिळतो हे खरे. पण नाव झाकले म्हणजे ओळख लपली, असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. अमुक गावची शिक्षिका, वय चौतीस, झोपेच्या गोळ्या घेतल्या, एवढे लिहिले की तालुक्यात नाव सांगायची गरज उरत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९९० च्या दशकात नावे काढून टाकलेली रुग्णालयांची माहिती संशोधनासाठी दिली जात असे. लतान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीने ती मतदारयादीशी ताडून पाहिली. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्यावरून तिने खुद्द राज्याच्या गव्हर्नरची वैद्यकीय नोंद शोधून काढली.

मोठ्या रुग्णालयांचे संगणक फोडले जाण्याचा धोकाही आहेच. २०१८ साली सिंगापूरमधल्या रुग्णालयांच्या एका समूहातून पंधरा लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली आणि त्यांत तिथले पंतप्रधानही होते. दिल्लीच्या ‘एम्स’च्या संगणकांवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी हल्ला झाला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांना कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले.

मग हे सगळे बंदच करावे का? मला तसे वाटत नाही. बाहेरचे दोन अनुभव सांगतो. एस्टोनिया हा तेरा-चौदा लाख वस्तीचा छोटा देश. तिथे २००८ सालापासून सर्व नागरिकांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर जोडलेल्या आहेत. तिथल्या माणसाला आपली नोंद कोणत्या डॉक्टरने केव्हा उघडली, हे घरबसल्या दिसते. एखादी नोंद डॉक्टरांसाठी बंद ठेवण्याचाही त्याला अधिकार आहे. विनाकारण डोकावणाऱ्याला जाब द्यावा लागतो. म्हणून लोक विश्वास ठेवतात.

उलट उदाहरण इंग्लंडचे. तिथे फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ नावाची योजना २०१३ साली आली. हेतू संशोधनाचा होता. पण आपली माहिती नेमकी कोणाला मिळणार, विमा कंपन्यांना मिळणार का, याचा लोकांना उलगडा होईना. घरोघरी पाठवलेली पत्रके पुरेशी ठरली नाहीत. विरोध वाढला आणि २०१६ साली योजना गुंडाळावी लागली. इंग्लंडकडे पैसा होता, संगणक होते, तज्ज्ञ होते. विश्वास मात्र मिळवता आला नाही.

आपल्याकडे कायद्याची चौकट आता उभी राहते आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम जाहीर झाले. ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली, तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एक उणीव मात्र मला खटकते. आरोग्याच्या माहितीसाठी या कायद्यात वेगळा, अधिक कडक वर्ग केलेला नाही. माणसाचा खरेदीचा तपशील आणि त्याच्या मनोविकाराची नोंद यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

तातडीच्या प्रसंगी काय, असाही प्रश्न विचारला जातो. बेशुद्ध माणूस संमती कशी देणार? जिवाला धोका असेल, तेव्हा संमतीसाठी थांबण्याची गरज नाही, हे या कायद्यानेही मान्य केले आहे. इमारतीत आगीची घंटा काचेच्या पेटीत असते, तसे हे आहे. आग लागली तर काच जरूर फोडावी. पण काच फुटली हे सर्वांना दिसले पाहिजे. त्या वेळी कोणी नोंद उघडली, हे रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला कळवले गेले पाहिजे.

श्रोतेहो, शेवटी तुमच्या हातात काय आहे, ते सांगतो. आपल्या वैद्यकीय कागदांची प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच तो मान्य केला आणि २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून बहात्तर तासांच्या आत ती प्रत द्यावी लागते. आभा खाते काढायचे असेल, तर शक्यतो स्वतःचा मोबाइल नंबर द्या. घरातल्या मुली-सुनांचे खाते त्यांच्याच नंबरवर असू द्या. कोणी परवानगी मागितली, तर ‘ठीक आहे’ म्हणून बोट दाबण्याआधी तारीख आणि मुदत वाचा. आठ दिवसांच्या तपासणीसाठी वर्षभराची परवानगी लागत नाही. डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे असेल, तर तसे सांगा. चांगला डॉक्टर नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसायला सांगेल.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. दवाखान्यातल्या प्रत्येक माणसाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. याला फारसा खर्च येत नाही. कोणी कोणती नोंद उघडली याचा माग ठेवा आणि रुग्णाने विचारले तर तो दाखवा. संमती कोणत्या संस्थेला दिली, एवढे कळून भागत नाही. त्या संस्थेतल्या नेमक्या कोणत्या माणसाने आपला केसपेपर उघडला, हे रुग्णाला दिसू लागले, तर त्या तरुणीसारख्या कितीतरी जणी पहिल्याच भेटीत खरे सांगतील. उपचाराची सुरुवात तिथून होते.